अजिंक्य वगैरे

जूनमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मी पुण्यात, फ्लॅटच्या गॅलरीत. एका हातात लॅपटॉप, डोक्यात उद्याच्या प्रेझेंटेशनचं टेन्शन. तेवढ्यात मोबाइल वाजला. लातूरहून भाच्याचा मेसेज.

'मामा, झोपलाव का? इन्विन्सिबल आणि अनबीटेबलमध्ये काय फरक असतो?'

आता मंडळी, इथे एक खुलासा. आमच्या अख्ख्या खानदानात इंग्रजीचा मामला माझ्याकडे असतो. बँकेचा फॉर्म, लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजू, कुणाच्या तरी व्हिसाचं पत्र, सगळं माझ्याच इनबॉक्समध्ये येऊन पडतं. याला कारण माझे नांदेडचे दिवस. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना मी जीआरईचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं होतं. होस्टेलच्या गच्चीवर बसायचं, गोदावरीकडून वारा यायचा आणि मी शब्द पाठ करत असायचो. परीक्षा काही दिली नाही. फीचे पैसे ऐकूनच वडील गप्प झाले होते. पण शब्द राहिले. मराठी मीडियममधून आलेल्या पोराला इंग्रजी म्हणजे न हरणारा शत्रूच वाटायचा, त्यामुळे त्याच्या सैन्यातले मोहरे तरी ओळखीचे असावेत, एवढाच हिशेब.

त्यातही 'आय' या अक्षराच्या पानांनी फार छळलं. इन्विन्सिबल, इम्प्रेग्नेबल, इंडॉमिटेबल, इनसर्माउंटेबल, इनव्हल्नरेबल... सगळ्यांसमोर अर्थ साधारण एकच, 'ज्याला हरवता येत नाही असा'. एवढ्या न हरणाऱ्या शब्दांची इंग्रजांना गरज काय पडली, असं तेव्हा वाटायचं. उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली.

तर भाच्याचा प्रश्न बघून मी खूश. भाचा नीटचा रिपीटर. लातूरला त्याचं दुसरं वर्ष चालू होतं, त्याचा नुकताच निकाल लागलेला. घरी फोन केला तर अक्का म्हणाली होती, 'ठीक हाय.' मी जास्त विचारलं नाही. नीटमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी एवढंच असतं. इंग्रजी हा विषयच नसतो, हे खरं तर मला तिथेच सुचायला हवं होतं. पण आपल्याला कुणी आपल्या आवडीचं विचारलं की आपण समोरचा का विचारतोय ते विचारत नाही. मी प्रेझेंटेशन मिटवलं आणि व्हॉइस मेसेज पाठवायला सुरुवात केली. एकूण नऊ पाठवले. तुम्हाला त्याचा सारांश सांगतो.

पहिली गोष्ट ही की हे शब्द भाऊ-भाऊ दिसले तरी प्रत्येकाचा धंदा वेगळा आहे. त्यातला प्रत्येक शब्द एकेका क्रियापदाला नकार देतो. कुठल्या, तेवढं बघायचं.

इन्विन्सिबलच्या पोटात लॅटिनमधलं 'जिंकणं' आहे, म्हणजे ज्याच्यावर विजय मिळवता येत नाही तो. आपला अजिंक्य अगदी तसाच, 'जिंकणे'वरून बनलेला. इम्प्रेग्नेबलच्या पोटात फ्रेंचमधलं 'घेणं' आहे, म्हणून तो किल्ल्याला लावतात. (आमच्या ऑफिसात एकाने 'आमची टीम इम्प्रेग्नेबल आहे' अशी स्लाइड दाखवली तेव्हा मागची रांग खुसखुसली. त्या शब्दाचा गरोदरपणाशी संबंध नाही, पण ते मीटिंगमध्ये समजावून सांगणं अवघड असतं.) इनसर्माउंटेबल म्हणजे ज्याच्यावर चढून पलीकडे जाता येत नाही, हे डोंगराचं आणि अडचणींचं विशेषण. इनव्हल्नरेबलला जखम होत नाही. अनअसेलेबलवर झडप घालता येत नाही. इनडिफॅटिगेबल थकत नाही. आणि एक आहे इनएक्झोरेबल. त्याच्या पोटात 'विनवणं' आहे. ज्याला कितीही हातापाया पडून विनवलं तरी ढिम्म हलत नाही तो. म्हातारपण, कटऑफ, ईएमआयची तारीख.

आणि अनबीटेबल? हा साधा, घरगुती इंग्रजी शब्द. 'मारणं, हरवणं' त्याच्या पोटात. पण आज तो राहतो कुठे, तर होर्डिंगवर आणि सेलच्या जाहिरातीत. लातुरात स्टँडपासून निघा आणि मान वर करून चाला. क्लासेसच्या होर्डिंगवर मुलामुलींचे फोटो, खाली मार्क, वर विशेषणं. दुकानातल्या साड्या अनबीटेबल दरात आणि क्लासचे निकालही अनबीटेबल. एकच शब्द दोघांना चालतो म्हटल्यावर त्यातली हवा किती उरली असेल, बघा.

एवढं झाल्यावर मी इतिहासात शिरलो. इंग्रजांना आपल्या जहाजांना असली विशेषणं द्यायची भारी हौस. त्यांच्या पहिल्या 'इन्विन्सिबल'ची कथा तर भन्नाट आहे. ते जहाज मुळात फ्रेंचांचं. नाव तेच, अजिंक्य. १७४७ मध्ये इंग्रजांनी ते समुद्रात लढून जिंकलं. आता जे जिंकून आणलं त्याला अजिंक्य कसं म्हणायचं? पण नाव आवडलं, ठेवलं. १७५८ मध्ये ते पोर्टस्मथजवळ वाळूच्या दांड्यावर रुतलं आणि संपलं. शत्रू नाही, तोफ नाही. वाळू.

पुढे विसाव्या शतकात त्यांनी एकाच जातीच्या तीन मोठ्या युद्धनौका बांधल्या. इन्विन्सिबल, इनफ्लेक्सिबल, इंडॉमिटेबल. अजिंक्य, न वाकणारी आणि अदम्य. मागून चौथी आली थोड्या सुधारित बांधणीची, इनडिफॅटिगेबल, म्हणजे न थकणारी. जीआरईचं आख्खं पान समुद्रात सोडलं म्हणा ना. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत जर्मन आरमाराशी गाठ पडली. दुपारी न थकणारी फुटली. तिच्यावर हजारावर माणसं होती, वाचले दोन-तीन. संध्याकाळी अजिंक्य मधोमध दुभंगली. १,०२६ माणसं गेली, सहा वाचले. वेग हवा म्हणून या जहाजांचं चिलखत पातळ ठेवलेलं होतं. नाव लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं नाही, पण रंगाच्या डब्यातून चिलखत निघत नाही. उरलेल्या दोघी, न वाकणारी आणि अदम्य, घरी परत आल्या.

'मामा, हे भारी हाय,' भाच्याचा मेसेज. रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी आणखी फुललो. म्हटलं, समुद्रात कशाला जातोस, तुझ्या जिल्ह्यातच बघ.

लातूर-नांदेड पट्ट्यात तीन मोठे भुईकोट आहेत. औसा आणि उदगीर लातूर जिल्ह्यात, कंधार नांदेड जिल्ह्यात. डोंगराचा आधार नाही, म्हणून माणसांनी सगळी मेहनत खंदकावर आणि तटावर केलेली. कंधारच्या खंदकाकडे बघितलं की आजही वाटतं, इथे कोण कसा शिरणार? अभेद्य म्हणावं तर हेच. पण १६३१ मध्ये कंधार आणि १६३६ मध्ये उदगीर आणि औसा शाहजहानच्या फौजांनी घेतले. इम्प्रेग्नेबल किल्ला हा बहुतेक वेळा 'अजून कुणी नीट वेढा दिलेला नाही' असा किल्ला असतो. वेढा देणाऱ्याकडे वेळ असतो आणि आतल्याकडे धान्य मोजकं.

उदगीरची दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. फेब्रुवारी १७६०. सदाशिवरावभाऊंनी औसा-उदगीरच्या टापूत निजामाच्या फौजेला कोंडीत पकडलं. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना सोबत. निजामाला तह करावा लागला. दौलताबादसारखे किल्ले आणि साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांकडे आला. त्या आठवड्यात उदगीरच्या छावणीत कुणी जाऊन विचारलं असतं की या फौजेला कोण हरवेल, तर लोक हसले असते. मार्चमध्ये हेच भाऊ, हाच गारदी उत्तरेला निघाले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. उदगीर ते पानिपत, अंतर फक्त अकरा महिन्यांचं.

अनबीटन आणि अनबीटेबल यांच्यातली गडबड ती हीच. अनबीटन म्हणजे आतापर्यंत हरला नाही. हा झाला हिशेब, तो तपासता येतो. आपल्या क्रिकेटच्या मराठीत त्याला सुरेख शब्द आहे, नाबाद. नाबाद म्हणजे बाद होणार नाही असं नव्हे, डाव संपला तेव्हा झाला नव्हता, एवढंच. पण शेवटी 'एबल' लावलं की हिशेबाची भविष्यवाणी होते. ब्रिस्बेनचं गाबा मैदान घ्या. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया तिथे कसोटी हरली नव्हती. हरत नाही, हरत नाही म्हणता म्हणता लोकांनी त्याचा अभेद्य किल्ला करून टाकला. मग १९ जानेवारी २०२१ आला. त्याच दौऱ्यात महिनाभरापूर्वी अॅडलेडला ३६ धावांत गुंडाळलेली टीम तिथे जिंकली. आणि कॅप्टनचं नाव काय, तर अजिंक्य. राव, असलं काही कथेत लिहिलं तर संपादक कापतील.

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचंही तसंच. १७०० मध्ये तो औरंगजेबाने घेतला, आझमतारा असं नाव दिलं. पुढे ताराराणींच्या माणसांनी परत मिळवला आणि सांगतात की अजिंक्यतारा हे नाव तेव्हा पडलं. म्हणजे एकदा हातातून जाऊन परत आल्यावर! मला वाटतं, ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना हा शब्द जहाजवाल्यांपेक्षा जास्त कळला होता.

इथे मी थांबलो. पाणी प्यायलो. भाच्याचे दोन टिक निळे झाले होते, उत्तर नव्हतं. पाच मिनिटांनी आलं.

'मामा, क्लासवाल्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलतं. आय अॅम अनबीटेबल. रोज सकाळी वाचायचं. दोन वर्षं वाचलो.'

आणि खाली, 'एमबीबीएसचं काही होत नाही मामा. मार्क तेवढे नाहीत.'

बॉस, नऊ व्हॉइस मेसेज. साडेअकरापासून पोरगा मला एकच गोष्ट सांगायला बघत होता आणि मी त्याला जटलंड दाखवत होतो.

मी फोन लावला. आवाज ठीक होता, म्हणजे जरा जास्तच ठीक होता. म्हणाला, दाजींनी अजून एक वर्ष बस म्हटलंय, तिसरं. जमिनीचा एक तुकडा आहे, त्याचं बघू म्हटलंय. आई काही बोलत नाही, फक्त रोज डब्यात गोड देते. 'आता गोड बघितलं की भीती वाटायली,' तो म्हणाला. मी विचारलं, तुला काय करायचंय? बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग हळूच, चोरी कबूल केल्यासारखं म्हणाला, 'उदगीरला व्हेटर्नरी कॉलेज हाय मामा. नीटच्याच मार्कावर लागतं. बसंल कदाचित. पण घरी म्हणतील, डॉक्टर व्हायला पाठवलं अन् ढोराचा डॉक्टर झाला. हरला म्हणतील.'

शनिवारी सकाळी मी लातूरला होतो.

लातूरबद्दल बाहेरच्यांना दोनच गोष्टी माहीत असतात, पॅटर्न आणि भूकंप. हल्ली तिसरी, पाण्याची रेल्वे. पॅटर्न ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शाहू कॉलेजातून सुरू झालेली सरावाची, सतत टेस्ट घ्यायची पद्धत. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातली पोरं त्याच्या जोरावर मेरिट लिस्टमध्ये दिसायला लागली. पुढे नांदेडलाही तसंच वातावरण उभं राहिलं. हजारो घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर त्यातून आला. हे नाकारण्यात अर्थ नाही, मीही त्याच हवेत वाढलोय. पण आकडेही बघा. २०२४ च्या नीटला देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या पुढे. म्हणजे वीस-बावीस जणांत एक. बाकीची सगळी मुलं ढ असतात का? होर्डिंगवर एकाचा फोटो लागतो, एकवीस जण त्याच्या खालून सायकल घेऊन जातात. त्यांच्यासाठी कुठलं विशेषण छापलंय?

दाजी कृषी सेवा केंद्र चालवतात. शेती देवणी तालुक्यात. मोजकं बोलणारा माणूस. मी आल्याचं कारण त्यांना कळलं होतं, पण जेवण होईपर्यंत त्यांनी विषय काढला नाही आणि माझीही हिंमत झाली नाही. मग अंगणात खुर्च्या टाकल्या. आमची आजी कोपऱ्यात बाजेवर.

आजी अजूनही घरात झोपायला नाखूश असते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, लोक दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. आजीचं माहेर त्याच पट्ट्यातलं. तिच्या माहेरचं घर माळवदाचं, दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये मातीचा गिलावा, वर लाकूड आणि मातीचा भार. चोराला भोक पाडता यायचं नाही, उन्हाळा आत शिरायचा नाही. गावातलं सगळ्यात मजबूत घर म्हणून नाव होतं. त्या भिंतीच माणसांवर आल्या. पत्र्याच्या नाहीतर कुडाच्या खोपटात झोपलेली कितीतरी माणसं वाचली. दख्खनचा हा भाग स्थिर, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असंच तोवर धरून चालले होते. 'घर जड होतं बाबा,' आजी एवढंच म्हणते. मजबूत आणि जड यातला फरक तिने फार महागात शिकलेला आहे.

दाजी शेवटी बोलले. 'तुमचं काय म्हणणं हाय, सांगा. इंग्रजीत नका सांगू.'

मी म्हटलं, मराठीतच सांगतो. अदम्य शब्द ऐकलाय ना? भाषणात असतो, अदम्य इच्छाशक्ती. इंग्रजीतला इंडॉमिटेबल आणि हा एकाच मुळातून निघालेले. लॅटिनमधलं 'डोमारे' आणि संस्कृतातलं 'दम्' सख्खी भावंडं, इंग्रजी 'टेम' त्यांचं चुलत भावंडं. अर्थ, माणसाळवणं. आणि दाजी, संस्कृतात 'दम्य' कुणाला म्हणतात माहितीय? अजून औताला न लावलेल्या गोऱ्ह्याला.

दाजी पहिल्यांदा हसले. 'मग आमच्याकडं लई दम्य झाले.'

आणि मग ते जे बोलत सुटले, तसं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. देवणी म्हणजे काय चीज आहे, तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार कसे ओळखायचे, अंगाच्या आणि तोंडाच्या काळ्या-पांढऱ्यावरून. नांदेडकडचा लाल कंधारी वेगळा, अंगाने लालभडक, उन्हात हटत नाही. दोन जिल्ह्यांनी आपापल्या गावाचं नाव दिलेल्या दोन जाती, आणि आता दारात बैल असलेली घरं कशी कमी होत चालली आहेत, ट्रॅक्टर आला, चारा महागला. '२०१६ ला तर माणसालाच पाणी नव्हतं,' ते म्हणाले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर कॅमेरे होते, जलदूत म्हणून फोटो छापले. 'तवा आमच्याकडं दोन बैल होते. लोक म्हणले इका. मी इकले.' थांबले. 'नसते इकायला पाहिजे होते.'

भाचा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

मी विचारलं, दाजी, गोऱ्हा औताला लावताना तो ऐकला नाही तर काय करता?

'मारून जमत नाही,' दाजी म्हणाले. 'मारलं की तो कायमचा बुजतो. जुन्या बैलाच्या जोडीला लावायचा. आधी मोकळंच जू. मग हलकं काही. दमला की सोडायचा. दमलेल्याला वढायला लावलं तर बसतो, मग उठतच नाही. ज्याचा खांदा ज्याला...'

आणि मध्येच गप्प झाले. अंगणात बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं ते कशाबद्दल बोलतायत. बहुतेक सगळ्यात शेवटी त्यांनाच कळलं.

अक्का आतून बाहेर आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली असावी या विषयावर. 'दमलाय तो,' म्हणाली. एवढंच.

मराठीतलं हे 'दमणं'सुद्धा त्याच घराण्यातलं. मला हे पाठांतराच्या वयात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अदम्य म्हणजे कधीच न दमणारा, असं मी समजत होतो. ती तर इनडिफॅटिगेबल, ती जटलंडला दुपारीच फुटली. अदम्य म्हणजे दुसऱ्या कुणाला ज्याच्या नाकात वेसण घालता आली नाही तो. तो दमू शकतो, बसू शकतो, झोपू शकतो. कुठल्या शेतात जायचं ते तो स्वतः ठरवतो, एवढंच.

त्या रात्री काही ठरलं नाही. आमच्याकडे अंगणात गोष्टी ठरत नसतात. सकाळी मी निघालो तेव्हा दाजी दुकान उघडायला गेलेले होते. स्टँडवर सोडायला भाचा आला. मोटारसायकलवर मागे बसलेलो असताना मी ती होर्डिंग वाचत होतो आणि तो बघतही नव्हता, सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. बस सुटताना म्हणाला, 'मामा, वहीचं ते पान फाडलो.' मग हसला. 'मागच्या बाजूला ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन होत्या. त्या गेल्या.'

आठ दिवसांनी दाजींचा फोन. आयुष्यात त्यांनी मला स्वतःहून केलेला बहुधा तिसरा. 'ते उदगीरचं फॉर्मात कितव्या नंबरला टाकावं लागतं?' मी म्हटलं, त्याला पाहिजे असेल तर पहिल्या. 'हां,' म्हणाले आणि फोन ठेवला. गावात लोक काय म्हणाले असतील ते मी विचारलं नाही. कुणीतरी 'ढोराचा डॉक्टर' म्हणालं असेलच. दाजींनी ते ऐकून घेतलं असेल, आणि एका बापाला ते किती जड गेलं असेल हे आपल्यासारख्या एसीत बसून नोकरी बदलणाऱ्यांना पटकन कळणार नाही. आपण 'करिअर स्विच' म्हणतो आणि पार्टी करतो. तिकडे दोन वर्षांची फी, मेसचे पैसे आणि गावाची नजर असते.

परवा रात्री पुन्हा मोबाइल वाजला. पुन्हा साडेअकरा. या पोराला दिवसा इंग्रजी सुचत नाही.

'मामा, सिनियरसोबत लम्पीच्या लसीकरणाला गेलतो. एक देवणी गाय होती, लई तापट, तिघांना आवरना. लस दिल्यावर तिला इनव्हल्नरेबल म्हणायचं का?'

या वेळी मी व्हॉइस मेसेज पाठवायचा मोह आवरला. आधी विचारलं, 'तू कसा आहेस?'

'मी मजेत. ती लाथ मारली. पाय सुजलाय.'

मग लिहिलं, 'नाही रे. लस दिली तरी एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो. इनव्हल्नरेबल कुणीच नसतं. पायाला बर्फ लाव.'

'लावलोय,' उत्तर आलं. आणि मागून, 'पण मामा, ती गाय इंडॉमिटेबल हाय बरं का.'